कै. ताराबाई मोडक आणि खेड्यातील बालवाडी

प्रतिवर्षी या स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पूर्वजाचे अथवा भगिनीचे चरित्र देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे त्या ताराबाई मोडक आपल्या ज्ञातीतील नव्हत. त्यांचे कार्य मात्र आपल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेले आहे. गावोगावी जी अंगणवाडी आज आपण पाहतो तिचे मूळ ज्या अंगणात आहे, ते अंगण या बाईंनी शोधून काढले. आमची सारी हयात खेड्यांतील प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गापुढे उभे राहण्यात गेली. पहिलीत येणारे मूल त्यापूर्वीची तीन वर्षे कोठे होते, हे विचारण्याची बुद्धी आम्हांस फार उशिरा झाली. ती ज्यांच्यामुळे झाली त्यांचे हे ऋण आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले सामान्य शिक्षक; तेव्हा लेखनात काही न्यून आढळल्यास वाचकांनी ते पदरात घ्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या घरात उद्भवण्याचे कारणच नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली कायदेशीर फारकत झाली. अशा ठिकाणी रेंगाळण्याची चरित्रकारांना मोठी हौस असते. आम्हांस ती नाही. एवढेच सांगतो की, ज्या काळात नवऱ्याचे घर सोडलेल्या स्त्रीस माहेरच्या ओटीवरही मानाची जागा मिळत नसे, त्या काळात पदरी लहान मुलगी घेऊन त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले. पगार होता, मान होता, बंगल्यातील राहणी होती. एखादी बाई तेथेच निवृत्तीपर्यंत सुखाने राहिली असती.

परंतु त्याच काठेवाडात, भावनगर येथे, एक निराळाच उद्योग चालला होता. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ति संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत येऊन बसले होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती इटलीच्या मॅडम माँटेसरी यांचे ग्रंथ पडले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. भरघोस मिशांच्या या पुरुषाला मुलांनी व पालकांनी आईची पदवी देऊन टाकली होती. ताराबाईंनी ते बालमंदिर पाहिले आणि १९२३ साली राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून त्या भावनगरास आल्या. वेतन घटले. भाषाही परकी होती, पण गुजरातीवर त्यांनी इतके प्रभुत्व मिळविले की, त्या भाषेत त्या लेखन व संपादन करू लागल्या.

भावनगरच्या त्या बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. शिक्षा नसणे आम्हांस समजू शकते. छडी टाकून देण्यास आम्हांसही काही वर्षे लागली, पण अखेर टाकली. बक्षीसही नसावे, हे मात्र पचावयास कठीण आहे. आपल्या ज्ञातिसंस्थेचा तर निम्मा वार्षिक समारंभ बक्षिसांतच जातो. त्यांचे म्हणणे असे की, मूल जे काम स्वतःच्या ओढीने करते त्यावर बाहेरचा मोबदला ठेवला की, ते कामाकडे पाहावयाचे सोडून मोबदल्याकडे पाहू लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाविषयी हे खरे आहे, असे आमचेही मत झाले आहे. मोठ्यांविषयी आम्ही काही बोलत नाही.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण-पत्रिका निघाली, तिची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली. आईबापांनी मुलांस मारू नये, खोटी भीती घालू नये, मुलाच्या हट्टामागचे कारण शोधावे, अशा गोष्टी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या कानांवर प्रथम पडल्या त्या बव्हंशी या पत्रिकेतून. सुमारे नऊ वर्षांनी भावनगर सोडून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तेथेच चाले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी मॅडम माँटेसरी हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यामुळे मोठ्या शहरांतून माँटेसरी शाळांचे पीक आले.

येथपर्यंतचे चरित्र मोठे असले तरी ते शहरातील एका यशस्वी विदुषीचे चरित्र आहे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी या बाईंनी जे केले त्यावाचून आम्ही आज लेखणी उचलली नसती.

माँटेसरी पद्धतीची मौज अशी की, ती जन्मली गरिबांत आणि वाढली श्रीमंतांत. रोम शहराच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणाऱ्या पोरांसाठी, १९०७ साली पहिले बालगृह निघाले. आमच्याकडे येता येता तिची गुलाबी रंगाच्या मनोऱ्यांची, दट्ट्यांच्या पेट्यांची, खरखरीत कागदाच्या अक्षरांची साधने इतकी महाग झाली की, माँटेसरी म्हणजे सुखवस्तूंच्या मुलांची शाळा असा समज दृढ झाला. शिशुविहारात येणारी मुलेही दादरच्या सुशिक्षित घरांतील होती. हे शल्य ताराबाईंस सलत होते. इकडे १९३७ पासून गांधीजींच्या नई तालीमेचा विचार देशापुढे होता आणि १९४५ च्या प्रारंभी सेवाग्राम येथील परिषदेत सात वर्षांखालील बालकांचाही त्यात समावेश झाला. खेड्यातील बालकास हे शिक्षण द्यावयाचे तर ते कसे, हा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर कागदावर मिळण्यासारखे नव्हते.

म्हणून १९४५ साली ताराबाई बोर्डीस गेल्या. बोर्डी हे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. घोलवड स्टेशनावर उतरून जावयाचे. किनाऱ्याला सुरूची बने, आत चिकूच्या वाड्या, वाड्यांचे मालक बव्हंशी पारशी-इराणी; आणि वाड्यांत राबणारे वारली, दुबळा व इतर मजूर. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षणव्रतींमुळे गावाला हायस्कूल लाभले होते. पण याच वर्षी शेजारच्या उंबरगाव तालुक्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या मुलखातील मजुरांच्या स्थितीची कल्पना येईल. अशा ठिकाणी ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले. बरोबर एक नवी सहकारिणी होती. तिचे नाव अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेली, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली आणि पुण्यास शिक्षिकेची कायम नोकरी करणारी ही पस्तीस वर्षांची बाई कस्तुरबा निधीच्या एका शिबिरात ताराबाईंस भेटली आणि नोकरी सोडून त्यांच्यामागे चालू लागली. ती अखेरपर्यंत परतली नाही.

बालवाडी हा शब्द आज इतका रुळला आहे की, तो कोणी तरी प्रथम योजला असेल, हे आपल्या मनातही येत नाही. तो ताराबाईंनी योजला. बालमंदिर म्हटले की इमारत आली, पावित्र्य आले, पायऱ्या आल्या. वाडी म्हणजे जेथे रोप लावावयाचे व राखावयाचे ती जागा. आणि बोर्डीच्या माणसांस वाडी काय ते सांगावे लागत नव्हते.

प्रथम त्यांनी गावाच्या मध्यभागी नियमित वेळेची बालवाडी काढली. जागा नीट, वेळ ठरलेली, शिक्षिका तयार. गावातील बऱ्या स्थितीच्या घरांतील मुले आली. ज्यांच्यासाठी मुंबई सोडली होती ती मात्र आली नाहीत. हरिजनवस्तीतील, मजुरांच्या झोपड्यांतील मुले त्या जागेकडे फिरकेनात. कोणी बंदी केली नव्हती, फी नव्हती. तरीही ती येत नसत. बाळाचे आईबाप उजाडताच कामावर जात. त्याला न्हाऊ-माखू घालून, सदरा चढवून, बोट धरून गावाच्या त्या टोकाला पोहोचविणार कोण? शिवाय मळक्या, उघड्या मुलाने बऱ्या कपड्यांतील मुलांशेजारी बसावयाचे, हा संकोच वयाने लहान असला तरी मुलास कळतो.

येथे एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने पालकांच्या अनास्थेविषयी अहवाल लिहिला असता आणि फाइल बंद केली असती. आम्हीही आमच्या नोकरीत असे शेरे पुष्कळ लिहिले आहेत. ताराबाईंनी व अनुताईंनी मात्र साधने टोपलीत घातली आणि त्या वस्तीवर गेल्या. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घेतले, चटई पसरली आणि जी मुले हाती लागली ती जमविली. सकाळी जमली तर सकाळी, दुपारी जमली तर दुपारी. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. अंगावर खरूज असेल तर तिचा उपचार. मग गाणे, गोष्ट, खेळ. दूर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आजीस आपले नातवंड धुतल्यावर कसे दिसते ते तिच्याच अंगणात दिसले, आणि शाळेचा प्रचार त्याहून निराळा करावा लागला नाही. मध्यवर्ती बालवाडी व अंगणातील बालवाडी असे दोन प्रकार या अनुभवातून ठरले. आपल्या गावात बालशिक्षणाची सोय आहे किंवा नाही हे सांगताना आपण इमारतीकडे बोट दाखवितो. बोर्डीला इमारत होती, आणि तरीही निम्म्या गावापुरती सोय नव्हती.

साधनांचेही तसेच झाले. परदेशी मापाने घडविलेल्या लाकडी पेट्यांऐवजी चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले, नारळाच्या करवंट्या, बांबूचे तुकडे, पाने, पिसे, रंगीत खडे ही साधने झाली. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंतूनही कळतात. आणि वस्तू हरवली तर मूल दुसरी आणून ठेवते. शहरातील काही माँटेसरी-भक्तांस हा पद्धतीचा भ्रष्टाकार वाटला असल्यास नवल नाही. पण शिंपल्यांची रांग लावून लहानमोठे ठरविणाऱ्या मुलाची नजर व बोटे तेच काम करतात जे दादरच्या मुलाची करीत होती, हे मान्य करावयास कोणता ग्रंथ पाहिजे?

आता एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. १९८२ च्या सुमारास आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो. शाळा एका लहान खेड्यात. आमच्याकडे पहिली व दुसरी असे जोडवर्ग. पहिलीत एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. आईबाप दोघेही मजुरीला जात, म्हणून ती धाकट्या भावास कडेवर घेऊन शाळेत येई. भाऊ रडे, चिखल करी, पाटीवरचे पुशी. वर्गात हशा होई. एके दिवशी आम्ही त्रासून तिला सांगितले की, उद्यापासून भावाला घरी ठेवून ये. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही हजेरीपटावर रोज खाडा मांडीत गेलो आणि नियमाप्रमाणे मुदत भरल्यावर तिचे नाव कमी केले. तपासणीच्या वेळी कारणाच्या रकान्यात पालकांची अनास्था असे आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. वरिष्ठांनी त्यावर सही केली. त्या मुलीस अक्षर आले नाही. पुढे ती आम्हांस बाजारात भेटे तेव्हा पदर सावरून बाजूस होई आणि मास्तर म्हणून नमस्कारही करी.

हे आम्ही लिहिले ते एवढ्यासाठी की, ज्या अडचणीपुढे आम्ही हात टेकले, तिच्यावरचा उपाय त्याआधी पंचवीस वर्षे आपल्याच राज्यात सिद्ध झालेला होता, आणि शिक्षक असून आम्हांस त्याची वार्ता नव्हती.

१९५६-५७ च्या सुमारास ताराबाईंनी आपले केंद्र बोर्डीहून काही मैल आत, कोसबाडच्या टेकडीवर नेले. सभोवती वारल्यांचे पाडे, एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती आणि प्रकृती साथ देत नव्हती. मुंबई विधानसभेत सदस्य म्हणून त्या बसलेल्या होत्या, मानमरातब पाहिलेला होता. अशा वयात टेकडीवर जाऊन नव्याने मांडामांड करणे हे थोड्यांनाच साधते. तेथे त्यांना तीच मुलगी भेटली जी पुढे आम्हांस भेटावयाची होती: कडेवर भाऊ घेतलेली, शाळेच्या दाराशी थबकलेली. ती शाळेत यावी तर भावाची सोय पाहिजे. भाऊ दोन वर्षांचा, तर त्याला बालवाडीतही घेता येत नाही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणावयाची असे ठरले. या योजनेस त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. मुलीने भावास पाळणाघरात ठेवावे, मधल्यास बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात जाऊन बसावे. मोठी मुले लहानांस पाहतात, लहान मुले मोठ्यांचे वर्ग डोकावून पाहतात, त्यामुळे बालवाडीतून पहिलीत जाताना मुलास परक्या गावी गेल्यासारखे वाटत नाही. किती साधी गोष्ट आहे! पण शासनात पाळणाघराचे खाते एक, बालवाडीचे दुसरे आणि शाळेचे तिसरे असते, आणि तिन्ही खात्यांचे दप्तर कधी एकत्र येत नाही.

पाड्यांवरची जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. कुरणशाळा असेच तिचे नाव पडले. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. या कामात अनुताईंचा वाटा फार मोठा होता आणि तो सांगण्यात ताराबाईंस कधी कमीपणा वाटला नाही, असे त्यांच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. वारली मुलाची घरची बोली निराळी, पुस्तकातील मराठी निराळी. ती दरी भरून काढण्यास त्यांना गाणी, हावभाव व पाड्यावरच्या ओळखीच्या वस्तू उपयोगी पडल्या. मुलाचे बोलणे अशुद्ध म्हणून त्यास थांबविले की, ते पुढे बोलतच नाही, हा अनुभव कोणत्याही खेड्यातील शिक्षकास आहे.

आता अशा बालवाडीचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? पालकांची कसोटी आम्हांस चांगली माहीत आहे. बाराखडी कोठवर आली, आकडे किती पाठ झाले, आणि अलीकडे इंग्रजी कविता म्हणून दाखविता येते काय. ताराबाईंचे माप निराळे होते. मूल आपण होऊन येते काय, आपले हातपाय आपण धुते काय, हातातील काम संपेपर्यंत त्यात रमते काय, आपल्या मनातील दोन वाक्ये न घाबरता सांगते काय, आणि पुढे पहिलीत गेल्यावर शाळेत टिकते काय. यांतील शेवटची गोष्ट हजेरीपटावर दिसते. बाकीच्या पाहावयास तेथे जाऊन बसावे लागते. आमच्या अनुभवावरून सांगतो की, पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलांत ज्याने दोन वर्षे चांगल्या सेविकेच्या हाताखाली खेळण्यात घालविली आहेत ते मूल पंधरा दिवसांत ओळखू येते. त्यास अक्षर एकही येत नसेल, पण सांगितलेले शेवटपर्यंत ऐकते, खडू पेलून धरते आणि रडत नाही. उलट, घोटून घोटून शंभरापर्यंत आकडे म्हणणारे एक मूल आमच्याकडे आले होते. त्यास पाच चिंचोके मोजून दे म्हटले तर देता येईनात.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती प्रथम मेळघाटातील धारणी येथे आली. या योजनेच्या केंद्रास अंगणवाडी म्हणतात. ते नाव व ती कल्पना कोसबाडच्या अंगणातून गेली, असे बालशिक्षणाच्या क्षेत्रात मानले जाते. आज देशात तेरा लाखांहून अधिक व आपल्या राज्यात एक लाखाच्या घरात अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्याकडे पाठवणी, मातांस आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सहा कामे एका सेविकेने व एका मदतनिसाने करावयाची आहेत. सेविका गावातीलच असते. तिला वेतन नाही, मानधन आहे. आम्ही शेवटची नोकरी केली त्या गावी अंगणवाडी आमच्या शाळेशेजारीच होती. बाई कामसू होती. पण वजनकाटा, नोंदवह्या, आणि अखेरच्या वर्षांत हातातील फोनवर भरावयाची माहिती, यांतून सुटून ती मुलांपुढे बसे तेव्हा खिचडीची वेळ झालेली असे. आहाराचे काम मोठेच आहे. उपाशी मुलास गोष्ट सांगू नये. तरीही सहांपैकी जे काम ताराबाईंनी आयुष्यभर केले तेच नेमके मागे राहावे, हे पाहून आम्हांस वाईट वाटे. मुलांचे वजन वाढले नाही तर वरून विचारणा होत असे. दिवसभरात एकही गोष्ट सांगितली गेली नाही, तर कोणी विचारीत नसे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आहे, आणि अंगणवाडी व शाळा जवळ आणण्याची भाषा आता सरकारी कागदांतही येऊ लागली आहे. विकासवाडीस तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती.

आपल्या ज्ञातीविषयी दोन शब्द लिहिणे कदाचित काहींस रुचणार नाही, पण वडीलकीच्या नात्याने लिहितो. आमच्या गावी आपली बावीस घरे आहेत. आम्ही चौकशी केली त्या वर्षी त्यांतील एकही मूल गावच्या अंगणवाडीत बसत नव्हते. नाव सर्वांचे तेथे नोंदलेले, आहाराचे पाकीट घरी येत असलेले, आणि मूल मात्र सकाळी सातला गाडीत कोंबून तालुक्याच्या गावी इंग्रजी नावाच्या एका शिशुवर्गात पाठविलेले. त्या वर्गात चार वर्षांच्या मुलांस चौकटीच्या वहीत पानेच्या पाने लिहावयास देतात. आमच्या एका नातलगाच्या मुलाची बोटे सुजलेली आम्ही पाहिली आहेत. आईबापांस दोष देण्यास आम्ही धजत नाही. गावात जे आहे ते चांगले नाही म्हणून ते बाहेर पाठवितात. पण ज्यांचे शब्द ग्रामपंचायतीत चालतात अशा घरांची मुले तेथून उठली की, उरलेल्या मुलांसाठी फळ्या, चटया व पाणी मागणारा कोणी राहत नाही. आणि मग ते चांगले होण्याचा संभवच राहत नाही. बोर्डीस मध्यवर्ती बालवाडीत बऱ्या घरची मुले होती व मजुरांची नव्हती. आमच्या गावी अंगणवाडीत मजुरांची आहेत व बऱ्या घरची नाहीत. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्त्या दहावीपासून पुढे सुरू होतात. तीन वर्षांच्या मुलासाठी आपल्या अंदाजपत्रकात एक पैचीही तरतूद नाही, ही गोष्ट कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत आम्ही लेखी मांडणार आहोत.

ताराबाईंच्या मागे अनुताईंनी कोसबाडचे काम आणखी एकोणीस वर्षे चालविले. त्यांचे स्वतःचे शिक्षण चालूच होते, बी. ए.ची परीक्षा त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर दिली. पाड्यांवरच्या अनेक मुली त्यांच्या हाताखाली बालसेविका होऊन आपापल्या पाड्यावर परत गेल्या. १९८४ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी पश्चिम रेल्वेने डहाणू अथवा घोलवड स्टेशनावर उतरावे. कोसबाडची टेकडी तेथून दूर नाही.